कँडिड तेवढं खरं, हे ठरवलं कोणी?

गेल्या महिन्यात आमच्या घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तीन दिवस रणधुमाळी चालली होती. सुरुवात एका काकांनी केली. कुठल्याशा समाजाच्या बैठकीत प्री-वेडिंग शूट बंद करण्याचा ठराव झाल्याची बातमी त्यांनी टाकली आणि खाली लिहिलं, 'आपणही विचार करावा.' असे ठराव महाराष्ट्रात आता नवे राहिलेले नाहीत. बंगळूरच्या भाचीने पाच मिनिटांत उत्तर दिलं, 'ज्यांचं लग्न त्यांनी ठरवावं.' मग संस्कृती आली, पाश्चात्त्यांचं अंधानुकरण आलं, बुरसटलेली मानसिकता आली, आणि दुसऱ्या दिवशी भांडणाला नवं तोंड फुटलं: फोटोग्राफर कोणता सांगायचा? सगळ्यांना स्टेजवर ओळीने उभं करणारा गावातला नेहमीचा, की पुण्याचा कँडिडवाला, म्हणजे पोज न देता नकळत फोटो टिपणारा, ज्याचे फोटो 'किती नॅचरल' असतात? ज्याच्या लग्नावरून हे चाललं होतं तो माझा पुतण्या तीन दिवस गप्प होता. त्याची होणारी बायको तर ग्रुपमध्ये नव्हतीच.

मला या वादातल्या दोन्ही बाजू पटत नाहीत, कारण दोघांचाही प्रश्नच चुकला आहे. लग्नाचे फोटो कसे काढायचे हा परंपरा आणि आधुनिकतेचा सामना नव्हे, आणि कँडिड म्हणजे खरं, पोज म्हणजे खोटं, हा समज तर निव्वळ भाबडा आहे. ही दोन माणसं कॅमेऱ्यासमोर आली की त्यांचं काय होतं, त्यांचं लग्न किती मोठं, किती वाजता, कुठल्या उजेडात आहे, आणि वीस वर्षांनी हा अल्बम कोण, कशासाठी उघडणार आहे, एवढ्याच गोष्टींवरून शैली ठरावी. हे मान्य केलं तर एक अप्रिय निष्कर्ष निघतो. ज्याला आपण हल्ली नाकं मुरडतो त्या स्टेजवरच्या, सरळ कॅमेऱ्यात बघणाऱ्या फोटोचं माप आपण फारच कमी भरलं आहे.

नाकं मुरडायला कारणं आहेत, हे आधी कबूल करतो. रिसेप्शनचं स्टेज ही नवरा-नवरीला दिलेली शिक्षाच असते. तीन-साडेतीन तास उभं राहायचं, ओळखीच्या आणि अनोळखी चारशे माणसांकडे बघून एकच हसू हसायचं, पाकीट घेऊन मागच्या करवलीकडे द्यायचं, आणि दर दहा सेकंदांनी 'वहिनी, हनुवटी थोडी खाली' ऐकायचं. खाली पंगती उठून जातात, जिलबी संपते, आणि या दोघांच्या पोटात सकाळच्या केळ्याशिवाय काही नसतं. अशा वेळी निघालेल्या चेहऱ्यांत आनंद शोधणं म्हणजे एस. टी. स्टँडवरच्या रांगेत शोधण्यासारखं. उलट कँडिड फोटोग्राफरने काय काय टिपून ठेवलेलं असतं! माझ्या पुतणीच्या पाठवणीच्या वेळी माझा थोरला भाऊ कार्यालयाच्या मागच्या बाजूला, आचाऱ्यांच्या पातेल्यांजवळ, एकटाच चष्मा काढून उभा होता. धोतराच्या सोग्याने काच पुसत होता की डोळे, ते फोटोतही नीट कळत नाही. आम्ही कोणीच त्याला तिथे पाहिलं नव्हतं. तो आयुष्यात कधी रडला असेल यावर आमचा विश्वासही नव्हता. हा फोटो 'जरा इकडे बघा' म्हणून मिळाला नसता. कँडिडची बाजू घेणाऱ्यांचा सगळ्यात भक्कम पुरावा माझ्याच घरात भिंतीवर आहे.

पण हा पुरावा नेमकं काय सिद्ध करतो? आपल्याला कोणी बघत नाही असं वाटणाऱ्या माणसाचा फोटो मोलाचा असतो, एवढंच. कँडिडचा जन्मही तिथलाच. १९२५ मध्ये लायकासारखा हातात मावणारा कॅमेरा बाजारात आला, आणि त्याच काळात बर्लिनचा एरिक सालोमन टोपीत कॅमेरा दडवून कोर्टाच्या खोल्यांत आणि मुत्सद्द्यांच्या बैठकांत शिरू लागला. त्याच्या फोटोंची जान कशात होती, तर समोरच्याला पत्ताच नव्हता यात. आता आपल्याकडच्या नवरीचा विचार करा. तिला महिनाभर आधी माहीत असतं की कँडिडवाला येणार आहे. तो तिला खिडकीशी उभी करतो, पडदा थोडा सरकवतो आणि सांगतो, 'मॅडम, कॅमेऱ्यात बघू नका, झुमक्याला हात लावा, काहीतरी आठवून हसा.' मैत्रिणींना सांगतो, 'तिने जोक सांगितला असं समजा, वन टू थ्री!' हीसुद्धा पोजच की. जुन्या पोजमध्ये आणि हिच्यात फरक एवढाच की जुनी पोज आपण पोज आहोत हे लपवत नव्हती. तसं पाहिलं तर दोघींत अधिक प्रामाणिक कोण?

जुन्या फोटोंतला ताठपणा हाही खोटेपणा नव्हता. सुरुवातीच्या काळात एका फोटोला कित्येक सेकंद, कधी मिनिटंही लागत. मान हलू नये म्हणून मागे लोखंडी टेकू लावत. तेवढा वेळ हसू टिकवून दाखवा. आणि पुढे यंत्र वेगवान झालं तरी लोक ताठच बसत राहिले, कारण फोटो काढून घेणं म्हणजे 'मी हा असा आहे, असाच लक्षात ठेवा' असं जगाला सांगणं होतं. आनंदीबाई जोशींचा १० ऑक्टोबर १८८५ चा फिलाडेल्फियातला फोटो अनेकांनी पाहिला असेल. वूमन्स मेडिकल कॉलेजमधल्या तीन विद्यार्थिनी: साडीतल्या आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सिरियातून आलेल्या साबात इस्लामबुली, तिघी आपापल्या देशीच्या वेशात. यात उत्स्फूर्त काहीच नाही. कपडे ठरवलेले, जागा ठरवलेल्या, बसणं ठरवलेलं. तरी त्या फोटोसमोर आपण थांबतो, कारण आपण कोण म्हणून दिसायचं हे त्यांनी विचार करून निवडलं आहे असं वाटतं. याच तिघी कॉलेजच्या जिन्यावर हसत उतरताना कोणी टिपल्या असत्या तर तो फोटो गोड झाला असता. पण सव्वाशेहून अधिक वर्षं तो आपल्याशी एवढं बोलला असता का, याची मला शंका आहे.

आता घरचीच एक गोष्ट, जिच्यामुळे हा लेख लिहायला बसलो. माझी मोठी आत्या २०२१ मध्ये गेली. शेवटच्या काही वर्षांत घरात जे मोठं कार्य झालं होतं ते म्हणजे २०१८ मधलं चुलतभावाच्या मुलीचं लग्न. तेव्हा हौसेने 'फक्त कँडिड' सांगितलं होतं, स्टेजवरच्या रांगेला फाटा दिला होता, आणि सगळ्यांनी कौतुकही केलं होतं. दहाव्याच्या आदल्या रात्री आम्ही तिघं भावंडं तो पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावून बसलो. दोन हजारांच्या वर फोटो. त्यात आत्या सोळा ठिकाणी सापडली: चार फोटोंत नवरीच्या मागे धूसर रंगाचा ठिपका होऊन, एकात घास तोंडात घालताना डोळे मिटलेली, एकात कोणाच्या तरी कोपरामागे अर्धी, उरलेल्यांत पाठमोरी. सुंदर फोटो होते, खोटं कशाला बोलू. पण भिंतीवर लावावा, पेपरात द्यावा, असा एकही नाही. शेवटी १९९४ मधल्या माझ्या लग्नाचा अल्बम काढला. काळी पानं, मध्ये कुरकुरणारा बटर पेपर, आणि स्टेजवरचा तो 'कंटाळवाणा' फोटो: आत्या, तिचे यजमान, आम्ही दोघं, चौघंही कॅमेऱ्यात बघतोय. तो स्कॅन करून कापला. त्यामुळे आमच्या दिवाणखान्यात आजही हार आत्याच्या पंचेचाळिशीला पडतो, आणि फ्रेमच्या डाव्या कडेला माझ्या शेरवानीची बाही दिसते.

म्हणून मी कँडिड वाईट म्हणतोय का? नाही. भावाचा तो फोटोही मला तेवढाच हवा. माझं म्हणणं असं की दोन्ही फोटोंचं काम वेगळं आहे, आणि एक घेतलं की दुसऱ्याची गरज उरत नाही हा जो समज बाजाराने रुजवला, तो महागात पडतो. स्टेजवरचा फोटो ही हजेरी आहे. त्या दिवशी कोण कोण होतं, कोण कोणाशेजारी उभं होतं, तेव्हा आजीच्या नाकात नथ होती का, याचा तो दप्तरी पुरावा. पुरावा हा शब्दही अलंकारिक नाही. विवाह नोंदणीच्या अर्जाला लग्नपत्रिकेबरोबर लग्नातला फोटो जोडावा लागतो. जोडीदार अमेरिकेत असेल तर व्हिसाच्या मुलाखतीला लोक अल्बम घेऊन जातात, आणि तिथल्या अधिकाऱ्याला धुक्यातून पाठमोरे चालणारे दोघं नको असतात. दोन्हीकडचे आईवडील एका फोटोत, चेहरे दिसताहेत, असं काहीतरी हवं असतं.

हे झालं फोटो कोण बघणार याबद्दल. आता लग्नाबद्दल. हल्ली शैली निवडतात ती इन्स्टाग्रामवर, दुसऱ्याच कोणाच्या लग्नाचे फोटो बघून, आणि ते लग्न बहुधा समुद्रकाठी, उतरत्या उन्हात, पांढऱ्या फुलांत झालेलं असतं. आपला मुहूर्त असतो बारा वाजून सतरा मिनिटांचा. उन्हाळ्यात वरून आग ओतणारं ऊन, खाली लाल-पिवळ्या मांडवाचा रंग चेहऱ्यावर उतरलेला. किंवा कार्यालयात ट्यूबलाइट, वर फिरते निळे-जांभळे दिवे, मागे एलईडीची भिंत. गोरज मुहूर्त असेल तर नेमकं अंतरपाट धरेपर्यंत उजेड गेलेला. त्यात ते फिकट, दुधाळ रंगांचं जे एडिटिंग सध्या चलतीत आहे, ते आपल्या नवरीवर चढवलं की काय होतं हे बारकाईने बघा. पिवळी अष्टपुत्री मळक्या सायीसारखी होते, हिरवा चुडा शेवाळी दिसतो, कुंकू विटकरी होतं. हिरव्या चुड्याचा हिरवा रंग जी शैली सांभाळू शकत नाही ती मराठी लग्नाला शोभत नाही, एवढं म्हणायला मला संस्कृतिरक्षक होण्याची गरज वाटत नाही. हा साधा रंगाचा हिशेब आहे. फोटोग्राफर पसंत करताना त्याचे निवडक वीस फोटो बघू नयेत. आपल्यासारख्याच एखाद्या लग्नाचा, आपल्यासारख्याच कार्यालयातला अख्खा अल्बम मागावा आणि बांगड्या बघाव्यात.

तीच गत 'फर्स्ट लूक'ची. नवरा पाठ करून उभा, नवरी मागून येऊन खांद्यावर हात ठेवते, तो वळतो, डोळे भरून येतात, क्लिक. ही अमेरिकेतली पद्धत, आणि तिथे ती सोयीचीही आहे, कारण सोहळ्याआधीच फोटो उरकता येतात. पण आपल्याकडे अंतरपाट आहे! आख्खी मंगलाष्टकं म्हणेपर्यंत दोघांच्या मध्ये कापड धरून ठेवायचं आणि मग एका क्षणी ते बाजूला करायचं, ही पहिल्या नजरेची एवढी चोख मांडणी ज्यांनी केली त्यांना फोटोग्राफीतलं काय कळत नव्हतं असं म्हणणार? सकाळी दहा वाजता बागेत एकमेकांना बघून रडून झाल्यावर बारा सतराला अंतरपाट सरतो तेव्हा चेहऱ्यावर काय उरतं, ते अल्बममध्ये स्पष्ट दिसतं. शिवाय तो क्षण टिपणं मुळातच कठीण. अक्षता लेन्सवर येत असतात, वाजंत्री कानठळ्या बसवत असते, मामा मध्ये येतो, आणि वऱ्हाडातले साठ मोबाइल वर झालेले असतात. त्या दोन सेकंदांना नीट जागेवर उभा राहील असा माणूस मिळाला तर त्याने बाकी कुठली शैली लावली यावर मी वाद घालणार नाही. जी हुकलं की 'परत एकदा हार घाला' म्हणते, ती शैली मात्र मला चालणार नाही. एका लग्नात मी पाहिलं, गुरुजींना आता सांगावंही लागत नाही. मंगळसूत्र बांधताना ते स्वतःहून नवऱ्याचे हात हवेत थोपवतात, मान वळवून कॅमेऱ्याकडे बघतात, फ्लॅश उडाला की 'हं, चालू द्या'. हिंदू विवाह म्हणजे नाचगाणं आणि खाणंपिणं नव्हे, विधी व्हायला हवेत, असं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये बजावलं. विधी फोटोसाठी अडवून ठेवण्याविषयी न्यायालय काही बोललेलं नाही, तेव्हा ते आपलं आपणच बघायला हवं.

राहिलं प्री-वेडिंग, ज्याच्यावरून ठिणगी पडली. काकांचा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही. साखरपुडा आणि लग्नाच्या मध्ये सोयरीक मोडली तर मुलीचे मिठीतले फोटो जगभर फिरतात आणि पुढच्या स्थळाच्या हातात पडतात, ही भीती खरी आहे, आणि तिचा भार मुलीवरच पडतो हेही खरं. दुसरी गोष्ट खर्चाची. एकाने ड्रोन लावला की पुढच्याला लावावाच लागतो, आणि तो खर्च बहुतेक वेळा मुलीच्या बापाच्या वहीत चढतो. 'आमचे पैसे' म्हणणाऱ्या भाचीला मी एवढंच विचारलं की नक्की कोणाचे? तिने उत्तर दिलं नाही.

पण या दोन्ही दुखण्यांवर बंदी हे औषध कसं? पहिल्याचा इलाज कागदावर आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम १७ सांगतं की वेगळा करार झालेला नसेल तर पैसे देऊन काढवून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक काढवून घेणारा असतो. फोटोग्राफरच्या छापील करारात बहुतेकदा हा 'वेगळा करार' बारीक अक्षरांत लपलेला असतो. तेवढं कलम काढायला लावायचं आणि 'लग्नापूर्वी एकही फोटो कुठेही टाकायचा नाही' ही ओळ घालायची. काम भागतं. ठराव करणाऱ्यांपैकी किती जणांनी तो करार वाचला असेल? आणि हे पाश्चात्त्य थेर आहे म्हणावं, तर कॅमेरा आपल्याकडे आगंतुक कधी होता? मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली १८५४ मध्ये, आणि भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या कामात होते. पुढे घरोघरी फोटो पोचला तेव्हा 'फोटो काढला की आयुष्य घटतं' म्हणणारे आजोबा होतेच, आणि व्हीएचएस कॅमेऱ्याच्या प्रखर दिव्यात लग्नं होऊ लागली तेव्हा 'लग्न आहे की शूटिंग' हेच वाक्य आजच्या काकांच्या वडिलांनी म्हटलं होतं. मी साक्षीदार आहे. आज त्याच कॅसेट डिजिटल करून घेण्यासाठी काका दुकानं शोधत फिरतात.

प्री-वेडिंगच्या बाजूने मात्र सगळ्यात जोरदार मुद्दा ग्रुपवर कोणी मांडलाच नाही. ठरवून केलेल्या लग्नात त्या दोघांना घरच्यांच्या संमतीने मिळणारा तो अनेकदा एकमेव दिवस असतो. मुळशीच्या पाण्याकाठी पहाटे साडेपाचला थंडीत कुडकुडत, फोटोग्राफर लेन्स बदलेपर्यंत जे बोलणं होतं, ते चहा-पोह्यांच्या कार्यक्रमात होत नाही. एका मुलीने मला सांगितलं होतं, 'त्या दिवशी गाडी बंद पडली, तो चिडला नाही, तेव्हा मी मनातून हो म्हटलं.' यावर कोणी म्हणेल, मग नुसतं फिरायला पाठवा, कॅमेरा कशाला? बरोबर आहे. पाठवा ना. ज्या घरात पाठवत नाहीत, तिथे कॅमेऱ्याच्या निमित्ताने जाऊ दे. फक्त जो माणूस चार लोकांत बायकोचं नाव घ्यायला लाजतो, उखाण्याला ज्याचे कान लाल होतात, त्याला गुडघ्यावर बसवून गुलाब धरायला लावू नका. त्या फोटोत तो नसतोच, त्याच्या कपड्यांत दुसराच कोणीतरी असतो. अशा दोघांना दोन खुर्च्यांवर शेजारी बसवलं, हात मांडीवर, नजर समोर, तर ते दोघं दिसतात. आणि ज्यांना खिदळल्याशिवाय दोन मिनिटं बसता येत नाही, त्यांच्यामागे कँडिडवाला पळू दे दिवसभर. रजिस्टर लग्न करणाऱ्यांना, तीन साक्षीदार आणि वीस मिनिटांच्या कामाला, पाच माणसांची टीम कशाला हवी? सह्या करतानाचा एक, पायरीवरचा एक, आणि नंतर हॉटेलात सगळे जेवतानाचे दहा. झाला अल्बम.

पुतण्याला मी एकदा बाजूला घेऊन विचारलं, तुम्हा दोघांचा आजवरचा आवडता फोटो दाखव. त्याने मोबाइल काढला. तिच्या भावाने घेतलेला, दोघं रसवंतीच्या बाकावर, दोघंही सरळ कॅमेऱ्यात बघताहेत, तिच्या ओठांवर उसाच्या रसाची मिशी. ठरलं मग. गावातला नेहमीचाच फोटोग्राफर, त्याच्याबरोबर त्याचा कँडिड शिकलेला भाचा, प्री-वेडिंग नाही, ड्रोन नाही. काका खूश झाले, त्यांना वाटलं ते जिंकले. भाचीलाही तसंच वाटलं.

परवा माझी आई एक जुनी लग्नपत्रिका घेऊन आली. मागच्या कोऱ्या बाजूवर तिने थरथरत्या अक्षरात यादी केली होती, स्टेजवर कोणाकोणाचे फोटो झालेच पाहिजेत त्याची. सदतीस नावं. कोणाला कोणाशेजारी उभं करायचं नाही तेही कंसात लिहिलेलं. सगळ्यात शेवटी होतं, 'मी (एकटी)'. मी म्हटलं, आई, तुझा एकटीचा कशाला? तिने पत्रिका माझ्या खिशात सारली. म्हणाली, "असू दे. पुढे लागेल. आणि फोटोवाल्याला सांग, चष्मा काढायला लावू नको."